पांढरे शर्ट आणि वन्संचा चहा

३ मार्च, सोमवार

सगळ्यात आधी टपकल्या त्या वन्संच, दुसरं कोण असणार! डोळ्यावरची पट्टी काल निघाली, आणि आज सकाळी यांची थोरली बहीण लेकीला घेऊन दारात हजर. हातात दोन केळी. दोनच. म्हणजे एका डोळ्याला दोन. दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की आणखी दोन आणतील. हिशेबी बाई.

आणि काय सांगू, वन्संना मिशी आहे! ओठाच्या कडेला चांगली खाली वळलेली. इतकी वर्षं आम्ही समोरासमोर बसतोय, मला पत्ताच नाही. त्या विचारतायत, फार दुखलं का गं? मी म्हणतेय, नाही हो वन्सं. पण लक्ष सगळं मिशीत. बोलताना ती हलते. ई! दुपारचं जेवण गेलं नाही.

पण आनंद केवढा! मला दिसतंय. भिंतीवरचं घड्याळ दिसतं, त्यातला बारीक काटा दिसतो, काचेवरची माशीची घाणसुद्धा दिसते. डॉक्टर अगदी पोरगेला आहे, पण हात सोन्याचा. निघताना त्याने बजावलंय. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही, घराबाहेर काळा चष्मा, झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. आणि ड्रॉप्स, ते वेगळेच. हे सगळं नीट पाळलं तर बावीस तारखेला डावा डोळा. तोवर स्वयंपाकघर सुनेच्या ताब्यात. तेवढं एक मनाला लागलंय.

डोळ्याला ताण द्यायचा नाही असंही म्हणाला. पण लिहिताना ताण हाताला येतो, डोळा नुसता बघतो. शिवाय मी चौथीपर्यंतच शिकलेली, मी किती लिहिणार? नातीने वही दिली आहे. सगळं हिच्यात.

वन्संच्या चहाचं राहिलंच. सून विचारायला आली, चहा टाकू का? मी म्हटलं, नको, माझ्या चहाच्या भांड्याला हात लावू नकोस. मायलेकींचे चेहरे इतके खुलले! मोठेपणा दाखवतात. दर वेळी हेच. आधी नको नको, आत्ताच घेऊन निघालो. मग मी बळेच हातात कप देते, बिस्किटं आणायला आत जाते, येऊन बघते तर कप रिकामा! गरम चहा घटकाभरात फस्त. पण दुसरा कप द्या, असं कधी तोंडातून येणार नाही. पूर्वी मागून घ्यायच्या. अलीकडे सात-आठ वर्षं बंद झालंय. माझ्या हाताला चव आहे हे कबूल करायला नको, दुसरं काय.

ठरवलं. दोन्ही डोळे झाले की पहिलं काम, वन्संनी दुसरा कप मागून घेतला पाहिजे. त्याशिवाय मी नावाची नाही.

४ मार्च, मंगळवार

शिसारी आली आज.

शनिवारी सकाळी मी दवाखान्यात गेले, रविवारी दुपारी परत आले. तेवढ्या वेळात सुनेने घराचा उकिरडा करून ठेवला! एवढीशी बाई, एका दिवसात इतकी घाण करते कशी हेच मला कळत नाही. गॅसमागच्या टाइल्सवरून तेलाचे ओघळ आलेत, ओघळांना धूळ चिकटलीय, धुळीला केस. माझे पांढरे केस उचलून नेऊन तिथे चिकटवलेत म्हणजे कमाल झाली.

मग माझं चहाचं भांडं काढलं. आत काळा थर. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला, झाडाची साल निघावी तसा. गाळणीची भोकं बुजलेली. इतका चहा गाळला जायचा तो कुठून, देव जाणे. पाहुण्यांचे कप माझ्या कपाटात असतात, किल्ली माझ्या कमरेला. ते कुणाला धुवू देत नाही, कारण सुनेच्या धुण्यावर माझा विश्वास नाही. तर त्या कपांच्याही आत तपकिरी वळी, एकाखाली एक. कडेला कुणाच्या तरी ओठांचा ठसा. तळाला एक मुंगी, कधीची कोण जाणे.

किल्ली माझ्याकडे असताना हिने हे केलं कसं?

सुनेला बोलावून विचारलं. म्हणाली, आई, त्या कपाटाला मी हात लावत नाही, तुम्हीच नको म्हणालात. बघा, उलट उत्तर. तिची स्वतःची फळी मात्र लखलखीत. म्हणजे ती भांडी वापरतच नसणार.

तसा आमच्या घरात चहा फक्त मी आणि हे पितो. सुनेला चहाने ॲसिडिटी होते, नातीला आवडत नाही, मुलगा कामावर पितो. त्यांचं नशीब.

५ मार्च, बुधवार

ड्रॉप्स डोळ्यात घालतात आणि कडू लागतात घशात. नात घालते. हात दोनदा धुते, नखं दाखवते, मग म्हणते, आजी, वर बघ. वर पाहिलं तर पंख्याच्या पात्यांवर काळी लोकर लोंबतेय. म्हटलं, अगं तो पंखा बघ. ती म्हणाली, आजी, मी जन्मल्यापासून तो तसाच आहे, तू डोळा मिटू नकोस.

आज आरशात पाहिलं. आरसा खराब झालाय. जुन्या काचेत अशा रेघा पडतात.

आणि हे! सकाळी समोर पेपर वाचत बसलेले. कानातून केसांचे झुबके, नाकातून वेगळे. या माणसाबरोबर मी जन्म काढला! म्हटलं, अहो, जरा कापून या ते. म्हणाले, कुणासाठी?

त्याहून मोठी गंमत शर्टांची. यांचे पांढरे शर्ट मी स्वतः धुते. मशीनमध्ये घालू देत नाही, त्याला पांढरेपणा येत नाही. हाताने धुवायचे, मग नीळ. जरा पिवळट दिसला की आणखी नीळ. मला तर ते हल्ली सारखेच पिवळट दिसायचे, म्हणून मी दर वेळी थोडी वाढवत गेले. आज दोरीवर पाहते तर सगळे शर्ट निळे! फिकट नाहीत, चांगले शाळेच्या गणवेशासारखे. कॉलरीला तर शाईच सांडलीय जणू.

सुनेला हाक मारणार होते. तेवढ्यात हे म्हणाले, सहा वर्षं झाली निळे होऊन. म्हटलं, मग बोलला नाहीत ते? तर म्हणाले, मला वाटलं, तुला निळा आवडतो.

सहा वर्षं! लग्नकार्यात, मयताला, बँकेत, सगळीकडे हा माणूस निळा जाऊन आला. मला किळस आली, आणि नंतर उगाच हसूही आलं. डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणून थांबवलं.

नीळ हलक्या प्रतीची येते आताशा.

६ मार्च, गुरुवार

बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी कुंडी आहे. त्या रोपाने मला पार दमवलंय. पाणी घाला, ऊन दाखवा, पान म्हणून धरत नाही. आज जवळून पाहिलं. वाकले नाही हं, कुंडीच स्टुलावर ठेवायला लावली सुनेला.

मातीवर इंचभर चहाची पूड! भिजलेली, बुरसलेली. मधे बिस्किटाचा लगदा, त्यात अळ्या वळवळतायत. आणि वास! आंबट, साखरेचा, जुना. नाकाला पदर लावला तरी जाईना.

सुनेला म्हटलं, चोथा टाकायला कचऱ्याचा डबा नाही का घरात? नात फिसकन हसली. सुनेने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग मला म्हणाली, जाऊ द्या आई, मी माती बदलते. चूक कबूल केली म्हणा ना सरळ.

पण एक लक्षात आलं. सुनेचा चोथा, तर तो नेमका पाहुण्यांच्या खुर्चीच्या हाताशी का? स्वयंपाकघरापासून इतक्या लांब येऊन टाकते? आळशी माणसाला इतका उत्साह कसा?

असो. जास्त विचार केला की डोळ्याला ताण येतो.

यांनी संध्याकाळी विचारलं, चहा कधी मिळणार? म्हटलं, डॉक्टरने गॅसपाशी जायला बंदी केलीय. सुनेच्या हातचा घ्या. म्हणाले, नको, थांबतो. बघा. चव ओळखणारा माणूस.

७ मार्च, शुक्रवार

आज काम उरकलं. कुणाला सांगायचं नाही.

दुपारी सून बाजारात, नात शाळेत, हे पेपर तोंडावर घेऊन घोरतायत. म्हटलं, हीच वेळ. चहाचं भांडं, गाळणी, कप, सगळं मोरीत काढलं. घासायची पावडर आणि तारेची घासणी घेतली. डॉक्टर वाकू नका म्हणाला होता. मी वाकले नाही, खाली बसले. बसू नका असं तो म्हणाला नव्हता. भांड्यात गरम पाणी हवं, म्हणून गॅसपाशी गेले, पण पाठ करून उभी राहिले. डोळा पुढे असतो, पाठीला कुठे ऑपरेशन झालंय?

काय घाण निघाली, सांगून खरं वाटणार नाही. काळं, चिकट, तेलकट पाणी. हाताला असं बसलं की साबणानेही जाईना. वास तर असा, की आपण इतकी वर्षं हे... म्हणजे सुनेने एका दिवसात हे केलं कसं, असं वाटलं. दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले. पण सोडलं नाही. जोर लावला. भांड्याचा तळ दिसला तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू! आत माझा चेहरा दिसला. तिथेही रेघा आहेत. भांडंही जुनंच झालंय.

जोर लावताना पावडर थोडी उडाली. डोळ्यात गेली. मी चोळला नाही, नुसता बाहेरून दाबला. पदराने. थोडंसं पाणी मारलं, ओंजळभर. पाण्याने काही होत नाही, पाणी स्वच्छ असतं.

उद्या वन्संना फोन करायचा. आता माझ्या चहाला तोड नाही.

८ मार्च, शनिवार

डोळ्यातून पाणी येतंय. सून कांदा चिरते ना. आमच्याकडे कांदा फार लागतो.

नात ड्रॉप्स घालायला आली तर म्हटलं, मीच घालून घेतले. काळा चष्मा घरातही लावून बसलेय. सुनेने विचारलं, आत कशाला चष्मा? म्हटलं, तुमचा उजेड फार आहे. डोळा ठणकतो, पण आतल्या आत बरं होताना ठणकणारच. जखम भरताना खाजते, तसंच हे. सोमवारी डॉक्टर बघणारच आहे, उगाच मधे कशाला धावाधाव.

एक मात्र सांगते, बोलण्याचा उपयोग होतो. मंगळवारी मी सुनेला फैलावर घेतलं ना, तिने मनावर घेतलेलं दिसतंय. आज टाइल्स पाहिल्या, ओघळ नाहीत. पंखा स्वच्छ. घड्याळाच्या काचेवरची माशीची घाणही गेली. घर पूर्वी होतं तसं झालं, अगदी माझ्या हातचं.

वन्संना फोन केला. म्हटलं, येऊ नका हं, उगाच कशाला त्रास, मी आता चहा करू शकते, पण तुम्ही येऊ नका. त्या म्हणाल्या, बरं. काय माणसं!

९ मार्च, रविवार

दवाखान्यात. म्हणजे आता घरी आले, पण दिवस तिथेच गेला.

झालं असं. सकाळी हे समोर बसले होते. म्हटलं, अहो, शर्ट काय पांढरा शुभ्र दिसतोय! नीळ चांगली उतरलीय. नात जवळच अभ्यास करत होती. तिने वर पाहिलं. म्हणाली, आजी, आजोबांनी निळा घातलाय. म्हटलं, पांढराय. ती म्हणाली, निळाय. आणि उठून माझा चष्माच काढला. मग अशी ओरडली की शेजारची बाई दारात आली.

डोळा म्हणे टोमॅटोसारखा झाला होता. मला काय कल्पना, माझा डोळा मला कसा दिसणार?

रविवारचा दवाखाना बंद. पण डॉक्टर घरून आला. घरातल्या चपला, विस्कटलेले केस. डोळ्यात दिवा घालून किती वेळ बघत होता. मग विचारलं, आजी, काय केलंत? म्हटलं, काही नाही, घरात धूळ फार. तो म्हणाला, धुळीने असं होत नाही, ओरखडा आहे, आणि आत सूज आहे. उद्यापर्यंत थांबला असता तर डोळा हातचा गेला असता.

हे बाहेर बाकड्यावर बसले होते. दाराच्या फटीतून दिसत होते. सगळा निळा डाग.

तेवढ्यात सून मधेच म्हणाली, माझंच चुकलं, डॉक्टर. घासायची पावडर मी वर ठेवायला हवी होती, आणि आईंना एकटं सोडायला नको होतं.

म्हणजे हिला माहीत होतं! भांडं लखलखीत झालेलं हिने शुक्रवारीच पाहिलं असणार. डॉक्टरने तिला चांगलं झापलं. ती मान खाली घालून ऐकत होती. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण डॉक्टर म्हणाला, बोलू नका, हलू नका. मग नाही बोलले. डॉक्टरचं ऐकायला नको का?

बावीस तारीख रद्द. डाव्या डोळ्याचं नंतर बघू, कधी ते आत्ता सांगत नाही म्हणाला. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही. मी विचारलं, किती दिवस? तो सुनेकडे बघून म्हणाला, या सांगतील तोवर.

हिचं राज्य आलं.

१३ मार्च, गुरुवार

सूज उतरली. जागेपणी तासातासाला ड्रॉप्स. जीव नकोसा झालाय, पिशवीभर बाटल्या. घरात पुन्हा घाण दिसायला लागली आहे, म्हणजे डोळा सुधारतोय.

पण टाइल्स खरंच साफ झाल्यात. हात फिरवून पाहिला. सुनेने काल दिवसभर घासल्या, स्टुलावर चढून. पंखाही पुसला. मी खुर्चीत बसून, इथे राहिलं, तिथे राहिलं, असं दाखवत होते. माझ्याशिवाय जमलं नसतं.

नवीन चहाचं भांडं आणलंय तिने. नवीन कपही. माझे कप कुठे गेले विचारलं, तर म्हणाली, जपून ठेवलेत आई. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती, आणि मी खिडकीतून पाहिलं होतं. आता दिसतं ना मला.

कुंडीला एक नवीन पान फुटलंय. पोपटी, इवलंसं. या पंधरवड्यात पाहुण्यांना चहा झालेला नाही.

या दोन गोष्टींचा संबंध नाही. उगाच लिहिलं.

१६ मार्च, रविवार

वन्सं आल्या, लेकीसकट. मी बोलावलं नव्हतं, सुनेने फोन केला होता. या वेळी केळी डझनभर! मी पाहिलं, वन्संनी मिशी काढलीय. ओठावर लाल झालंय तिथे. माझ्यासाठी काढली असेल का? वाईट वाटलं थोडं. मी काही बोलले नव्हते, पण त्या दिवशी बघत होते ती.

मी पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीत बसले. स्वयंपाकघरात जायचं नाही ना. सुनेने विचारलं, आत्या, चहा घेणार? मी मनात म्हटलं, आता बघ, म्हणतील, आत्ताच घेऊन निघालो.

वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत उभ्या सुनेकडे. विचारलं, कोण करतंय? सून म्हणाली, मी. तर म्हणाल्या, मग टाक थोडा.

थोडा म्हणे!

चहा आला. पांढरे कप, कडेला काही नाही, तळाला काही नाही. वन्संनी फुंकर घातली, घोट घेतला, डोळे मिटले. मी बिस्किटं आणायला उठले नाही, तरी कप सावकाश रिकामा झाला. कुंडीकडे हात गेला नाही. मग वन्सं म्हणाल्या, अगं, आणखी आहे का? त्यांच्या लेकीनेही कप पुढे केला. मामी, खरंच छान झालाय, असं म्हणाली. मामी म्हणजे मी. मी म्हटलं, हो, भांडं नवीन आहे.

मुलगा घरी होता, त्यानेही घेतला. नात चहा पीत नाही, तिनेही बशीत ओतून घेतला. सुनेला ॲसिडिटी आहे. ती दाराशी उभी राहून पीत होती, बोटं कपाभोवती घट्ट धरून, हिवाळ्यात धरतात तशी. किती वर्षं हिने चहा प्यायला नसेल, असं एकदम मनात आलं. मग म्हटलं, छे, पीत असेल बाहेर कुठेतरी.

हे आपले कोपऱ्यात, निळ्या शर्टात. माझ्या हातचा चहा यांनी इतकी वर्षं तोंड वाकडं न करता प्यायला. माझ्याशिवाय घरात एकट्याने. त्यांचा पहिला कप झाला. किटली फिरत त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी कप पुढे केला. मग मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि कप मागे घेतला. म्हणाले, नको, पुरे.

मी म्हटलं, घ्या हो, घ्या. मला काय त्याचं?

घेतला. पूर्ण प्यायले.

मी काळा चष्मा लावला. डॉक्टरने सांगितलंय, उजेड लागू द्यायचा नाही.

निघताना वन्संनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. डोळ्याला जप म्हणाल्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, पुढच्या रविवारी परत येतो. चार वाजता. चहालाच येतो.